खर्रा सोडा, हजार मिळवा

गुपचुपचा कुणाला राग येतो का? पुण्या-मुंबईकडे ज्याला पाणीपुरी म्हणतात, त्या एवढ्याशा फुगलेल्या गुपचुपचा? पण प्रेमानंद गजभियेंना आला. संघमित्रा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तिथल्याच ताराचंदच्या नातीचा वाढदिवस होता. ठेलेवाला बोलावला होता, आणि सगळी बिल्डिंग हातात द्रोण धरून त्याच्याभोवती उभी होती. प्रेमानंदांचा धाकटा भाऊ अंकुशही त्यात होता. त्याने द्रोणात गुपचुप घेतला, इकडेतिकडे पाहिलं, भिंतीकडे तोंड केलं, बोटाने त्या गुपचुपचा चुरा केला आणि चमच्याने, आजाऱ्याला पेज भरवावी तसा, थोडा थोडा आत ढकलला. प्रेमानंद खांबामागे उभे होते. त्यांनी हे पाहिलं, स्वतःचा भरलेला द्रोण कचऱ्याच्या डब्यात टाकला, "पाणी बेचव आहे तुझं!" असं ठेलेवाल्याला विनाकारण सुनावलं आणि तरातरा जिना चढून घरी गेले.

"काय झालं?" शामलाबाईंनी विचारलं.

"काही नाही झालं!" प्रेमानंद ओरडले.

काही झालेलं नसताना माणूस एवढ्या जोरात ओरडत नाही, हे शामलाबाईंना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्यांनी पंखा वाढवला.

झालं होतं ते असं, की अंकुशचं तोंड बंद होत चाललं होतं. बोलायला उघडायचं, गिऱ्हाइकाला शिव्या द्यायला तर चांगलंच उघडायचं, पण अख्खा गुपचुप आत जाईल एवढं उघडत नव्हतं. अंकुशच्या बायकोने, प्रीतीने, शामलाबाईंना हे आधीच सांगितलं होतं. "ताई, पोळीबी दुधात कुस्करून खाऊन राहिले. तिखट तर लागूच देत नाही. डॉक्टरनं सांगितलं, तोंडातली कातडी आखडून राहिली. खर्रा आजच्या आज सोडा म्हणे, नाही तर पुढचं मी सांगत नाही." पुढचं काय, ते सांगायची गरजच नव्हती. कोराडीच्या वीज केंद्रात प्रेमानंदांनी जन्म काढला होता, आणि त्यांच्या हाताखालची दोन धडधाकट माणसं त्याच वाटेने गेली होती.

खर्रा म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा, तो घासूघासू एकजीव करायचा, पन्नीला रबर लावून खिशात ठेवायची आणि दिवसभर चिमटी-चिमटीने गालात भरायचं. मग ते थुंकायचं. कुठे? घरात बायको ओरडते, रस्त्यावर ऊन लागतं, म्हणून जिन्याच्या कोपऱ्यात! संघमित्राचा जिना दर दिवाळीला पांढरा व्हायचा आणि संक्रांतीच्या आत कमरेपर्यंत लाल. या जिन्याला रंग देऊन देऊन सोसायटी भिकेला लागली, पण एकाची मान लाजेने खाली गेली असेल तर शपथ.

आता तुम्ही म्हणाल, मोठा भाऊ आहे ना, मग कान धरून सांगायचं की सोड म्हणून. तुम्हाला म्हणायला काय जातं! अडचण अशी होती, की अंकुश प्रेमानंदांसमोर खर्रा खात नव्हता. कधीच नाही. पोरगा असल्यापासून आजपर्यंत, स्वतःचे केस पिकले तरी, मोठ्या भावासमोर त्याने सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. लिहाज म्हणतात त्याला. बाप लवकर गेला, प्रेमानंदांनी त्याला शिकवलं, दुकान टाकून दिलं. त्या भावासमोर गाल फुगवून उभं राहायचं म्हणजे काय! तेव्हा अधिकृतरीत्या अंकुश खर्रा खातच नव्हता. आणि जो माणूस खातच नाही, त्याला सोड कसं म्हणणार? म्हटलं तर मला माहीत आहे असं होतं, आणि माहीत आहे म्हटलं की इतक्या वर्षांचा त्याने राखलेला मान मातीत.

प्रेमानंदांनी तर या नाटकाला स्वतःच हातभार लावला होता. कोपऱ्यावर अंकुशचं कूलर दुरुस्तीचं आणि मोटार वाइंडिंगचं दुकान, त्याला लागून नत्थूचा पानठेला. प्रेमानंद दुकानाकडे निघाले, की विजेच्या खांबापाशी येऊन जोरात खोकायचे. खोकला ऐकला की अंकुश दुकानामागे जाऊन तोंड मोकळं करायचा, चूळ भरायचा आणि भाऊ पोहोचेपर्यंत हात पुसत हजर. "या भाऊ, बसा." कॉलनीतले लोक हळहळायचे, गजभिये साहेबांना कोराडीच्या राखेचा खोकला धरला म्हणून. एका शेजाऱ्याने तर त्यांना अडुळशाची बाटली आणून दिली होती, आणि ती त्यांना प्यावी लागली होती.

गुपचुपच्या रात्री जेवताना त्यांची मुलगी मयुरा आपल्या ऑफिसचं कौतुक सांगत होती. ती विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत होती. तिथे म्हणे लिफ्ट सोडून जिना चढला की पॉइंट, वेळेवर पाणी प्यायलं की पॉइंट, आणि पॉइंट साठले की खरेदीचं कूपन.

"पाणी प्यायचे पैसे?" प्रेमानंदांचा घास हातातच राहिला. "तहान लागली की माणूस पाणी पिते! त्याले पैसे काहून द्यायचे?"

"बाबा, माणूस नुसतं सांगून बदलत नाही. इन्सेंटिव्ह लागतो."

प्रेमानंद तिच्याकडे रागाने पाहत राहिले. आणि मग, राग तसाच ठेवून, त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळ्या बिल्डिंगसाठीच योजना काढायची! खर्रा सोडा, हजार मिळवा. नाव कुणाचं घ्यायचं नाही, कुणाकडे बोट दाखवायचं नाही. सगळ्यांबरोबर अंकुशही हळूच सोडून देईल, आणि आपण दोघांनीही काही पाहिलं नाही. सोसायटीचे अध्यक्ष ते होतेच. पैसे? शामलाबाईंच्या बोधगयेच्या सहलीसाठी बाजूला ठेवले होते. त्याचं पुढे बघू, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. प्रेमानंदांनी जय भीम घालून सुरुवात केली आणि योजना जाहीर केली: जो महिनाभर खर्रा सोडेल, त्याला भीमजयंतीच्या आदल्या दिवशी हजार रुपये रोख, अध्यक्षांच्या खिशातून. लोक अध्यक्षांऐवजी एकमेकांकडे पाहू लागले. फुकट पैसे देतो म्हटलं की आपल्याकडे आधी संशय येतो. प्रेमानंद शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या अंकुशकडे न पाहता पाहत होते.

अंकुश उठला.

"लय चांगली योजना आहे भाऊ," अंकुश गंभीरपणे म्हणाला. "खाणाऱ्याईनं सोडलाच पायजे. पाहा ना, जिन्याची काय हालत करून ठेवली लोकाईनं!"

आणि खाली बसला. त्याच्या शेजारचे दोघे खाली पाहून खोकू लागले. प्रेमानंदांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलणार काय? खातच नव्हता ना तो!

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे भैयाजी उभे राहिले. भैयाजी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे पगार थांबला होता, हेडक्लार्की चालूच होती. "अध्यक्ष महोदय, पात्रतेचं काय? उद्या कोणीबी येऊन म्हणन, मी सोडला. तो आधी खात होता, याचा पुरावा पायजे. मंग त्यानं सोडला, याचा पुरावा पायजे. तपासणी समिती पायजे."

"समितीत कोण?"

"आता कोणी तयार नसन तर मी पाहतो," भैयाजी म्हणाले. "मानधनाचं मागून बोलू."

आणि मग ताराचंद उठला. ताराचंद शांत माणूस, चहासुद्धा अर्धा कप पिणारा. तो थरथरत म्हणाला, "म्हणजे ज्यानं जिना रंगवला त्याले हजार, अन् ज्यानं जन्मभर तोंड साफ ठेवलं त्याले ठेंगा? हा कोणता न्याय आहे, गजभिये साहेब?"

खरं सांगायचं तर याला उत्तर नव्हतं. प्रेमानंदांनाही ते कळलं, आणि उत्तर नसलं की ते आवाज चढवायचे. "ज्याले रोग आहे त्यालेच औषध देतात! धडधाकट माणूस दवाखान्यात जाऊन म्हणते का, मलेबी सलाइन लावा?"

"म्हणत नाही, पण सलाइन लावून घेतलं म्हणून रोग्याले कोणी हजार रुपयेबी देत नाही!" ताराचंद म्हणाला. सभेने टाळ्या वाजवल्या. स्वतःच्याच सभेत, स्वतःच्या पैशाने, अध्यक्षांचा असा अपमान नागपूर जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या सोसायटीत झाला नसेल.

ताराचंद तेवढ्यावर थांबला नाही. दुसऱ्याच दिवशी तो नत्थूच्या ठेल्यावर दिसला. त्याचा हिशेब सरळ होता. आधी खायचा, पात्र व्हायचं, मग सोडायचा. सोडायला काय, आपल्याला कुठे सवय आहे? त्याने आयुष्यातला पहिला खर्रा अख्खा गालात भरला आणि थुंकायचं असतं हे माहीत नसल्याने गिळला. दुसऱ्या मजल्यापर्यंत कसाबसा आला आणि जिन्यातच बसला. घाम फुटलेला, डोळे फिरलेले, तोंडाने "मीरा, मीरा" असा जप. मीराबाईंनी नवऱ्याला लिंबूपाणी पाजून गादीवर टाकलं, पदर खोचला आणि थेट गजभियेंच्या दारात आल्या.

"कुठी आहेत अध्यक्ष? बाहेर काढा त्याईले! तुमच्या हजार रुपयापायी माया देवमाणसानं खर्रा धरला वं शामला! उद्या दारू सोडाचे दोन हजार जाहीर करान, तर मी कुठी जाऊ?"

प्रेमानंद तेव्हा न्हाणीघरात होते. बाहेर शांतता होईपर्यंत ते आंघोळच करत राहिले.

पुराव्याचा प्रश्न भैयाजींनी सोडवला. कोण खर्रा खातं, हे सगळ्यात जास्त कुणाला माहीत? नत्थूला. नत्थूने 'हे माझं जुनं गिऱ्हाईक आहे' असं समितीपुढे सांगितलं की माणूस पात्र. नत्थू काही बुद्धू नव्हता. "पाहा ना गा," तो ठेल्यावर येईल त्याला सांगायचा, "तुमचा चेहरा मले आठवून नाही राहिला. चार-पाच दिवस खर्रे न्या रोज, मंग आठवन." झालं. ज्यांनी कधी खाल्ला नव्हता ते नेऊ लागले, जे दोन खायचे ते पात्रता बळकट करायला सहा खाऊ लागले. नत्थूने ठेल्यावर नवीन पंखा बसवला.

आणि तपासणी! रोज सकाळी पार्किंगमध्ये रांग लागायची आणि भैयाजी एकेकाच्या तोंडात बॅटरी मारायचे. "आ करा. अजून आ. जीभ वर." दूध आणायला निघालेल्या बायका हे पाहून उलट्या पावली परत जायच्या. रांगेतला प्रत्येक जण घरून विलायची चघळून, दात घासघासून यायचा, तपासणी झाली की 'स्वच्छ' असा शेरा घ्यायचा आणि तिथून सरळ नत्थूकडे. भैयाजींना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांचं म्हणणं, समितीचं काम सकाळी सातला तोंड पाहणं, आठला कोण काय खातं ते समितीच्या कक्षेत येत नाही. अशा माणसांना सरकार पेन्शन कसली देतं, हे एकदा विचारलं पाहिजे.

रांगेत सगळे होते. फक्त अंकुश नव्हता. तो रोज सकाळी स्कूटरवर रांगेशेजारून जायचा, भावाला पाहून मान लववायचा, म्हणायचा, "चालू द्या भाऊ, चांगलं काम आहे." प्रेमानंद त्या वेळी त्याच्या गालाकडे पाहायचे, आणि अंकुश मान जरा दुसरीकडे वळवायचा.

महिना संपायला आला तसा एका संध्याकाळी नत्थू घरी आला, हातात संत्रा बर्फीचा डबा. "साहेब, तुमचे उपकार कसे फेडू? लोकं पानठेला बंद कराच्या मागं लागतात, अन् तुम्ही माया धंदा उभा करून दिला. पोरीचं लग्न काढलं यंदा."

प्रेमानंदांनी डबा उचलला. शामलाबाईंना वाटलं, आता हा डबा नत्थूच्या डोक्यात जातो. पण समोर हात जोडून उभा असलेला माणूस खरोखरच कृतज्ञ होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला शिवी तरी कुठली द्यायची? प्रेमानंदांनी डबा टीपॉयवर आपटला, आत जाऊन दार लावून घेतलं आणि कपाटाला लाथ मारली. कपाट लोखंडी होतं. पाय आठवडाभर सुजला.

जयंतीच्या आदल्या दिवशी ते लंगडत पाकिटं वाटायला पार्किंगमध्ये उभे राहिले. पात्र लोक हसत पुढे येत होते, पाकीट घेत होते, अध्यक्षांना नमस्कार करत होते. फाटकापाशी नत्थू उभा होता. तिथे पाकिटं फुटत होती आणि महिन्याभराची उधारी चुकती होत होती. सगळ्यांच्या देखत! शेवटचं पाकीट ताराचंदने घेतलं आणि "धन्यवाद साहेब" म्हणताना त्याच्या तोंडातून सुपारीचा एक कण उडून प्रेमानंदांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसला. ताराचंदने आधी तो कण पाहिला, मग साहेबांचं तोंड पाहिलं, आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने जिना चढून गेला. संध्याकाळी त्या जिन्याचा एकही कोपरा कोरडा नव्हता.

"झालं समाधान?" शामलाबाईंनी विचारलं. त्यांनी बोधगयेसाठी घेतलेली नवी बॅग कपाटावर चढवून ठेवली होती. "माया सहलीच्या पैशानं अर्धी बिल्डिंग खर्रा खाऊन राहिली."

"मी बिल्डिंगच्या भल्यासाठी केलं!"

"मले नका सांगू बिल्डिंग. कोणासाठी केलं ते मले माहीत आहे, तुमाले माहीत आहे, त्यालेबी माहीत आहे. सरळ जाऊन सांगाले काय झालं होतं? त्याच्या तोंडाचे हाल होऊन राहिले, अन् तुम्ही जगाची तोंडं उघडून पाहून राहिले!"

"काय सांगू त्याले?" प्रेमानंद असे ओरडले, की बाजूच्या खोलीतून मयुरा बाहेर आली. "तो मायासमोर खातच नाही! समोर कधी खाताना दिसलाच नाही, त्याले काय सांगू?"

"समोर खात नाही ना?" शामलाबाईही आता भडकल्या होत्या. "मंग जाऊन बसा त्याच्या समोर! सकाळपासून रातीपर्यंत! तेवढं तरी फुकटात होते!"

त्या रागाच्या भरात बोलल्या होत्या. पण प्रेमानंद गॅलरीत जाऊन तिथली खुर्ची हलवून पाहू लागले. मयुराला वाटलं, बाबांना काही झालं की काय.

जयंती पार पडली. तिच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची उचलली, डब्यात पोळी-भाजी घेतली आणि लंगडत कोपऱ्याकडे निघाले. विजेचा खांब आला. घशात सवयीने खोकला आला. तो त्यांनी गिळला आणि तसेच पुढे गेले.

अंकुश कूलरची मोटार उघडून बसला होता, आणि त्याचा डावा गाल टम्म फुगलेला होता. समोर भाऊ पाहून त्याच्या हातातला पाना पडला. मागे जाता येईना, कारण भावाने नेमकी मागच्या वाटेतच खुर्ची टाकली.

"कसं चालू आहे?" प्रेमानंदांनी विचारलं.

"हं," अंकुश म्हणाला.

"सीझन जोरात दिसते."

"हं हं."

"काहून गा, बोलून नाही राहिला? दात दुखते?"

अंकुशचे डोळे मोठे झाले. तेवढ्यात एक बाई कूलरचा पंप घेऊन आल्या आणि किती लागतील म्हणून विचारू लागल्या. अंकुशने बोटं दाखवली. बाई म्हणाल्या, इतके? मागच्या वेळेस तर कमी घेतले. अंकुशने आणखी बोटं दाखवली. बाई चिडून निघून गेल्या. प्रेमानंद खुर्चीत तसेच, हातांची घडी घालून. शेवटी अंकुशने छताकडे पाहिलं, डोळे मिटले आणि सगळं गिळलं. मग त्याला जी उचकी लागली ती जेवणाच्या वेळेपर्यंत गेली नाही.

प्रेमानंद रात्री दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. अंकुशने सगळे उपाय केले. भाऊ, ऊन लागन. भाऊ, वहिनीचा फोन होता. भाऊ, तुमच्या पायाले सूज आहे, घरी पडा. प्रेमानंद म्हणायचे, बरा आहो मी. अंकुश चहाच्या निमित्ताने उठला, की हेही उठायचे. अंकुश लघवीला गेला, की हे भिंतीपलीकडे उभे राहून कोराडीच्या बॉयलरच्या गोष्टी सांगायचे. तलफेने अंकुशचं डोकं फुटायची वेळ आली. त्याने एका गिऱ्हाइकाच्या मोटारीला उलटी तार लावली आणि कूलरने थंड हवा बाहेर देण्याऐवजी आत ओढायला सुरुवात केली. ते गिऱ्हाईक भांडायला आलं, तर दोघे भाऊ मिळून त्याच्यावरच तुटून पडले.

एका दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं तेव्हा, अंकुशने हातातली मोटार खाली आपटली.

"काहून माया छातीवर येऊन बसले भाऊ? काय बिघडवलं मी तुमचं?"

"मी काय करून राहिलो? नुसता बसून आहो. तुले जे करायचं ते कर ना."

"तुमच्यासमोर कसं करू?"

"काय?"

अंकुशने पाना उचलून उगीच दुसरीकडे ठेवला.

"काय करायचं आहे तुले, जे मायासमोर होत नाही?"

"काही नाही."

"मंग?"

"मंग काही नाही!" अंकुशच्या कपाळावरची शीर उडत होती. "साऱ्या बिल्डिंगले हजार हजार वाटले ना? मलेबी द्या हजार, अन् जा घरी!"

"तुले काहून देऊ? ते खाणाऱ्याले होते. तू तर खात नाही!"

"नाहीच खात!"

"मंग मागतो काहून?"

शेजारच्या ठेल्यावर नत्थू तोंडात रुमाल कोंबून बसला होता. दोघे भाऊ लालबुंद होऊन एकमेकांकडे पाहत राहिले. अंकुशने मोटार पुन्हा उचलली आणि तार गुंडाळू लागला. तार पुन्हा पुन्हा निसटत होती. प्रेमानंदांना ते दिसलं, आणि ते मुद्दाम रस्त्याकडे पाहू लागले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गुपचुपचा ठेला कोपऱ्यावर आला. तोच, वाढदिवसाचा. अंकुशने दुकानातूनच हाक मारली, दोन प्लेट लाव म्हणून. प्रेमानंद चकित झाले, पण द्रोण घेऊन उभे राहिले. ठेलेवाल्याने अंकुशच्या द्रोणात गुपचुप ठेवला. आज अंकुश भिंतीकडे वळला नाही. त्याने तो भावाच्या समोर, तोंडापर्यंत नेला. तोंड उघडलं. जेवढं उघडत होतं तेवढं उघडलं. गुपचुप ओठांवर अडला, त्याने जोर लावला, आणि तो फुटून सगळं चिंचेचं पाणी त्याच्या हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं.

"भाऊ," अंकुश म्हणाला, "जात नाही."

इतक्या वर्षांत तो भावासमोर हे पहिल्यांदा बोलला होता. प्रेमानंदांच्या हातातला द्रोण वाकडा झाला. मग ते गर्रकन ठेलेवाल्याकडे वळले.

"हे काय गुपचुप आहेत? अं? एवढे मोठे कोण करते? माणसाच्या तोंडाचा काही विचार करता का नाही तुम्ही लोकं?"

"काका, साइज तर पहिल्यापासून हाच आहे..."

"पहिल्यापासून चूक आहे मंग! हट तिकडं!" आणि त्यांनी त्याच्या पुऱ्यांच्या टोपलीत दोन्ही हात घातले.

"काका, हात नका लावू! गिऱ्हाईक काय म्हणन?"

"पैसे देतो! सगळ्या टोपलीचे देतो!" प्रेमानंद एकेक पुरी उचलून डोळ्यांसमोर धरत होते, मोठी म्हणून बाजूला फेकत होते, पुढची उचलत होते. चष्म्यावर वाफ आली होती. ती ते पुसतही नव्हते. "उद्या दुकान बंद ठेव. डॉक्टरकडं जाऊ."

"तुम्ही येता?"

"येतो. समोर बसतो."

टोपलीच्या तळाशी एक पुरी सापडली, नीट न फुगलेली, बोराएवढी. प्रेमानंदांनी ती ठेलेवाल्यापुढे धरली आणि पाणी कमी तिखट टाक म्हणून त्याच्यावर पुन्हा ओरडले. ठेलेवाल्याने मुकाट्याने भरून दिली. अंकुशने ती तोंडात घेतली, हळूहळू चावली आणि गिळली. मग त्याने रिकामा द्रोण पुढे केला, आणि प्रेमानंद पुन्हा टोपलीत शोधू लागले.